बॅलन्स्ड व्हॉल्व्ह : पीसीपी एअरगनसाठी मापं, जुळणी आणि ट्यूनिंग

पीसीपी एअरगनमध्ये, म्हणजे आधीच दाबाने भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या बंदुकीत, हॅमर (स्प्रिंगने उडणारा ठोकळा) आपटून पॉपेट (हवा अडवणारी झडप) उघडतो. त्याची खरी झुंज असते ती पॉपेट सीटवरून, म्हणजे ते टेकतं त्या बैठकीवरून, सुटण्याच्या पहिल्या क्षणाशी. समजा सीटचा प्रभावी व्यास ८.४ मिमी आहे आणि मागे २०० बार दाब आहे. ८.४ मिमी व्यासाचं क्षेत्रफळ ५५.४ चौरस मिमी, आणि २०० बार म्हणजे प्रति चौरस मिमी २० न्यूटन. म्हणजे पॉपेट ११०८ न्यूटन जोराने, साधारण ११३ किलोच्या भाराने, सीटवर दाबलं गेलेलं असतं. एकदा ते जरा उचललं गेलं की हवा थ्रोटमध्ये, म्हणजे सीटपुढच्या वाटेत, शिरते, पॉपेटच्या खालूनही दाब येतो आणि विरोध झपाट्याने ओसरतो. जड हॅमर आणि कडक स्प्रिंग लागते ती एवढ्या पहिल्या काही दशांश मिलिमीटरसाठी. त्याचा भुर्दंड मात्र प्रत्येक शॉटला पडतो: बोल्ट ओढायला जड जातो, शॉटच्या वेळी बंदुकीला हिसका बसतो, आणि उसळलेला हॅमर परत आपटून व्हॉल्व्ह दुसऱ्यांदा उघडतो, हवा वाया जाते.

बॅलन्स्ड व्हॉल्व्हमध्ये पॉपेटच्या मागे, म्हणजे दाबाच्या बाजूला, एक छोटा पिस्टन असतो आणि तो एका बंद कप्प्यात सरकतो. ओ-रिंग टाकीची हवा या कप्प्यात येऊ देत नाही. पॉपेट आणि स्टेममधून (पॉपेटच्या पुढच्या दांड्यातून) नेलेल्या बारीक छिद्राने कप्पा थ्रोटशी जोडलेला असतो. व्हॉल्व्ह बंद असताना थ्रोट नळीमार्गे बाहेरच्या हवेला उघडा, म्हणून कप्प्यातही वातावरणाचाच दाब. त्यामुळे पिस्टनएवढ्या क्षेत्रावर टाकीचा दाब पडतच नाही. उरतो तो सीट आणि पिस्टन यांच्या क्षेत्रफळांतल्या फरकावरचा. पिस्टन ७.४ मिमीचा घेतला तर त्याचं क्षेत्रफळ ४३.० चौरस मिमी. फरक १२.४ चौरस मिमी, आणि २०० बारला बंद ठेवणारा जोर फक्त २४८ न्यूटन.

हा खटाटोप कुठे करावा, कुठे करू नये हेही आधी ठरवून टाका. ४.५ मिमी नळी, रेग्युलेटर (टाकीचा दाब ठरावीक पातळीवर उतरवणारा भाग) १०० बारला आणि सीट ६ मिमीची असेल, तर साध्या व्हॉल्व्हवरचा भार २८३ न्यूटनच आहे. तिथे बॅलन्स पिस्टन बसवणं म्हणजे गळतीच्या जागा वाढवणं. ६.३५ मिमी किंवा त्याहून मोठी नळी, रुंद थ्रोट आणि १५० बारच्या वरचा दाब असेल, तरच याचा खरा फायदा दिसतो.

हात लावण्याआधी

नळीच्या तोंडाशी किती ऊर्जेपर्यंतची एअरगन परवान्याशिवाय चालते, हे जागोजागी वेगळं असतं. आपल्याकडचा नियम आधी पाहा आणि ट्यूनिंगची कमाल मर्यादा त्यावरून ठरवा.

टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नका. गेज शून्य दाखवतं म्हणजे हवा संपली असं नाही. रेग्युलेटर असेल तर त्याच्या पुढच्या प्लेनममध्ये (शॉटसाठी हवा साठवणाऱ्या पोकळीत) आणि मागच्या टाकीत, अशा दोन वेगळ्या जागी हवा अडकू शकते. ब्लीड स्क्रू असेल तर त्यानेच हवा सोडा. शॉट मारून रिकामी करत बसलात तर शेवटच्या १५–२० बारला व्हॉल्व्ह दगा देतो. डोळ्यांवर गॉगल हवाच.

व्हॉल्व्ह बॉडी टाकीत धरून ठेवणाऱ्या स्क्रूंचं गणितही एकदा कागदावर मांडा. बॉडीचा व्यास २२ मिमी असेल, तर २०० बारला तिच्यावर ७६०० न्यूटन भार येतो, म्हणजे पाऊण टनाहून जास्त. १२.९ ग्रेडचे चार एम४ स्क्रू कातरणीत साधारण २५,००० न्यूटन पेलतात, म्हणजे सुरक्षिततेचा गुणक ३.३. पण बहुतेक वेळा आधी हार मानतात ते स्क्रू नाहीत. ट्यूबमधली भोकं लांबट होतात किंवा ॲल्युमिनियम बॉडीतले आटे सोलले जातात. ट्यूबच्या काठापासून भोकाचं अंतर भोकाच्या व्यासाच्या दुपटीहून कमी ठेवू नका. आणि कारखान्यातून आलेल्या टाकीला नवं भोक पाडू नका, तिचा ठरलेला भरण-दाब ओलांडू नका.

व्हॉल्व्ह उघडल्यानंतर काय होतं

बहुतेक फसलेली डिझाइनं फसतात ती इथे. बंद स्थितीतला जोर कमी झाला की काम झालं, असं वाटतं. पण उघडल्यानंतर गणित पार उलटतं.

३ मिमीचा स्टेम धरा, क्षेत्रफळ ७.१ चौरस मिमी. व्हॉल्व्ह नुकता उघडलाय, थ्रोटमधला दाब टाकीएवढा झालाय, पण कप्पा अजून रिकामा आहे. पॉपेटला बंद करू पाहणारं क्षेत्र १२.४ चौरस मिमी. उघडं ठेवू पाहणारं, म्हणजे सीटमधून स्टेम वजा करून, ४८.३ चौरस मिमी. वजाबाकी ३५.९ चौरस मिमी, उघडण्याच्या बाजूने. २०० बारला हे ७१८ न्यूटन झाले. म्हणजे हॅमरने पॉपेट फक्त सोडवायचं, पुढे हवाच ते ढकलून पूर्ण उघडते. हा व्हॉल्व्ह हॅमरच्या जोरावर उघडा राहत नाही, स्वतःच्या जोरावर राहतो.

मग बंद कधी होतो? छिद्रातून थ्रोटची हवा कप्प्यात भरते तेव्हा. थ्रोट आणि टाकी दोन्हींत पूर्ण दाब धरला, तर कप्प्यात त्या दाबाच्या ८४ टक्के दाब चढल्यावर तोल बंद होण्याच्या बाजूला झुकतो. प्रत्यक्षात छर्रा पुढे सरकत असतो आणि थ्रोटमधला दाब टाकीपेक्षा कमी असतो; तो ८० टक्के धरला तर कप्प्याला ६१ टक्के पुरतात. शेवटी सगळीकडे दाब सारखा झाला की बंद करणारा जोर उरतो तो फक्त स्टेमच्या क्षेत्रावरचा, १४१ न्यूटन, अधिक व्हॉल्व्ह स्प्रिंग. म्हणून स्टेम हौसेने बारीक करू नका. २ मिमीचा केला तर हा जोर ६३ न्यूटनवर येतो आणि व्हॉल्व्ह आळसावतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: पॉपेटला उघडताना अडवणारा थांबा लागतो, आणि तो ७०० न्यूटनचा आघात सोसणारा. कप्प्याच्या तळाशी १ मिमी जाड पॉलियुरेथेन वॉशर चांगला चालतो. दुसरी: व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहील हे हॅमरवर नाही, तर छिद्राचा व्यास आणि कप्प्याचं आकारमान यांवर ठरतं. ट्यूनिंगची खरी किल्ली तिथेच आहे.

पॉपेट किती उचललं जावं? पॉपेटभोवतीच्या फटीचं क्षेत्र थ्रोटच्या क्षेत्राएवढं झालं की पुढे उचलून काही मिळत नाही. ८ मिमी थ्रोट, ३ मिमी स्टेम: ४३.२ भागिले (३.१४ × ८), म्हणजे १.७ मिमी. थांबा १.८ मिमीवर ठेवा. ६.३५ मिमी नळीचं क्षेत्र ३१.७ चौरस मिमी आहे, त्याला हा थ्रोट ऐसपैस पुरतो.

सीटची रुंदी

सगळ्या मापांत एकाच मापावर जीव टाकायचा असेल, तर तो सीटच्या ओठाच्या, म्हणजे पॉपेट टेकतं त्या कड्याच्या, रुंदीवर टाका.

वरच्या उदाहरणात ओठ ८.० मिमीपासून ८.८ मिमीपर्यंत आहे, रुंदी ०.४ मिमी, आणि मधला व्यास ८.४ मिमी. पण हवा नेमकी कुठे अडते, हे पॉपेट कसं टेकलंय त्यावर ठरतं. ते आतल्या कडेवर टेकलं तर प्रभावी व्यास ८.० मिमी आणि जोर १४५ न्यूटन. बाहेरच्या कडेवर टेकलं तर ८.८ मिमी आणि ३५६ न्यूटन. जवळजवळ अडीचपट फरक, तोही नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीमुळे. साध्या व्हॉल्व्हमध्ये हाच फरक १००५ ते १२१६ न्यूटन, म्हणजे एकवीस टक्के, इतकाच असतो. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून छोटा आकडा मिळवलाय, म्हणून मापातली प्रत्येक चूक फुगून समोर येते. पिस्टन सीटच्या जितका जवळ न्याल, तितकी ही फुगवट वाढते. म्हणून बंद ठेवणारा जोर साध्या व्हॉल्व्हच्या २० ते ३० टक्के उरू द्या. ५ टक्क्यांच्या मागे लागू नका. आणि पिस्टनचा व्यास थ्रोटच्या व्यासापेक्षा नेहमी कमीच असावा. तो सीटहून मोठा झाला तर टाकीचा दाबच व्हॉल्व्ह उघडेल.

यावरचा उपाय म्हणजे अरुंद ओठ. ओठ ०.२५ मिमी ठेवला, ८.० ते ८.५ मिमी, तर जोर १४५ ते २७५ न्यूटनच्या दरम्यान राहतो, मधला २०९. साध्या व्हॉल्व्हमध्ये इतका अरुंद ओठ ठेवता येत नाही: हजारभर न्यूटन साडेसहा चौरस मिमीवर आले की प्रति चौरस मिमी १६५ न्यूटन होतात, आणि पीक (PEEK) प्लास्टिक साधारण १२०लाच दबतं. बॅलन्स्डमध्ये तोच आकडा ३२ येतो. भार कमी झाल्याची ही सर्वांत मोठी कमाई आहे, ती जरूर घ्या.

ओठ लेथवर एकाच पकडीत, थ्रोट आणि स्टेम-गाईड बोअर करतानाच, फेस करा. जॉब काढून परत लावला की समकेंद्रीपणा गेलाच समजा. कडा पॉलिश करताना सँडपेपर हातात धरून फिरवू नका. त्याने ओठ गोल होतो आणि टेकण्याची जागा पुन्हा अनिश्चित होते. काचेच्या तुकड्यावर १२०० नंबरचा पेपर ठेवून बॉडीचा फेस आठच्या आकड्यात फिरवा. त्यासाठी ओठ हाच फेसचा सर्वांत उंच भाग असायला हवा.

पॉपेट, पिस्टन आणि तीन आधारांची अडचण

पॉपेटला इथे तीन जागी धरलं जातं: स्टेम गाईडमध्ये, डोकं सीटवर, पिस्टन कप्प्यात. तिन्ही एका रेषेत असतील तरच पॉपेट सपाट टेकेल. ०.०५ मिमीचा तिरकसपणा असला तरी एका बाजूने हवा झिरपते, आणि मग लोक विनाकारण स्प्रिंग कडक करत बसतात. तिन्ही आधार घट्ट ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. स्टेम गाईडमध्ये नेमका बसवा, ०.०२ मिमी मोकळीक. कप्प्याचं घर मात्र आडव्या दिशेने ०.१ मिमी तरंगतं ठेवा: आधाराच्या चकतीत सैल बसलेलं, मागून हलक्या वेव्ह वॉशरने टेकवलेलं. पॉपेट सीटवर बसलं की घर आपोआप आपली जागा शोधतं.

घर प्लेनममध्येच बसतं, म्हणून दोन गोष्टींचा हिशेब ठेवा. प्लेनमसाठी ढोबळ नियम दर ज्यूलला पाऊण सीसी. ५० ज्यूलच्या बंदुकीला ३८ सीसी. १२ मिमी व्यासाचं २० मिमी लांबीचं घर त्यातले सव्वादोन सीसी खातं, तेवढी लांबी वाढवा. आणि घर धरणाऱ्या चकतीतून हवा जायला भरपूर वाट हवी. भोकांचं एकूण क्षेत्र थ्रोटच्या निदान दुप्पट: ४.५ मिमीची सहा भोकं ९५ चौरस मिमी देतात, ते पुरतं.

डोक्यासाठी पीक वापरा. डेलरिनही २०० बारच्या आत बरंच टिकतं, पण गरम दिवसात जास्त दबतं. डोकं स्टेमवर आट्यांनी बसवलं असेल तर हवा आट्यांतून झिरपते. रिटेनिंग कंपाऊंड लावा किंवा आत छोटी ओ-रिंग द्या. स्टेम कडक पोलादाचा असावा, कारण तो पोकळ आहे आणि त्याच्या टोकावर हॅमर आपटतो. मधलं छिद्र स्टेमच्या पूर्ण लांबीचं नको, फक्त थ्रोटमधल्या आडव्या छिद्रापर्यंतच. पिस्टन वेगळा बनवून मागून स्क्रूने लावला तर छिद्र साफ करणं आणि व्यास बदलून पाहणं, दोन्ही सोपं होतं.

आडव्या छिद्राची जागा जपून ठरवा. पॉपेट १.८ मिमी मागे सरकतं तेव्हा छिद्रही सरकतं. ते सीटच्या रेषेपासून निदान २.५ मिमी खाली असेल तर शेवटपर्यंत थ्रोटमध्येच राहतं. दुसरीकडे, बंद स्थितीत ते गाईडच्या बुशमध्ये झाकलं जाता कामा नये. छिद्राच्या दोन्ही तोंडांची बर (कडेला राहिलेला धातूचा कीस) काढा. राहिलेली बर पुढे सुटून नेमकी छिद्रातच अडकते.

ओ-रिंग

प्रभावी व्यास ओ-रिंग कुठे बसलीये त्यावर अवलंबून असतो, आणि हे विसरल्याने मापं हमखास चुकतात. ओ-रिंग पिस्टनच्या खाचेत असेल आणि कप्प्याच्या भिंतीवर घासत असेल, तर भिंतीचा आतला व्यास धरायचा. ओ-रिंग घराच्या खाचेत स्थिर असेल आणि पिस्टनचा दांडा तिच्यातून सरकत असेल, तर दांड्याचा व्यास धरायचा. दुसरी रचना जास्त सोयीची: दांडा बाहेरून घासून पॉलिश करणं आणि मायक्रोमीटरने मोजणं, बारीक बोअर मोजण्यापेक्षा कितीतरी सोपं.

१.७८ मिमी जाडीच्या ओ-रिंगला खाचेची खोली १.५२ मिमी, रुंदी २.४ मिमी. याने ती साधारण १५ टक्के दबते. याहून जास्त दाबली तर घर्षण वाढतं. १० टक्क्यांच्या खाली गेलं की थंडीत गळते. २०० बारला ७० शोअर कडकपणाची नायट्राइल रिंग फटीत घुसून कुरतडली जाते. ९० शोअरची किंवा पॉलियुरेथेनची घ्या, फट एका बाजूला ०.०५ मिमीच्या आत ठेवा, आणि कप्प्याच्या बाजूला पीटीएफईची बॅकअप रिंग द्या. वंगण शुद्ध सिलिकॉनचं किंवा फ्लोरिनेटेड ग्रीसचं, तेही पुसून उरेल इतकंच. पेट्रोलियम तेल किंवा साधं ग्रीस दाबाखालच्या हवेत पेट घेऊ शकतं. ते इथे अजिबात नको.

जोडणीआधी घर्षण मोजा. घर आणि पॉपेट उभं धरा, दांड्याला वजनं लटकवत जा आणि तो कधी सरकतो ते पाहा. ६०० ग्रॅमला सरकला तर घर्षण ६ न्यूटन. व्हॉल्व्ह स्प्रिंगचा बंद स्थितीतला जोर याच्या दीडपट ते दुप्पट हवा, म्हणजे ९ ते १२ न्यूटन. रिकाम्या टाकीत हवा भरायला सुरुवात करता तेव्हा पॉपेटला सीटवर नेणारं दुसरं कुणीच नसतं.

छिद्र किती मोठं

कप्पा भरायला लागणारा वेळ कप्प्याच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढतो आणि छिद्राच्या क्षेत्राच्या प्रमाणात घटतो. व्हॉल्व्ह उघडलेला असताना कप्पा १४० घन मिमी आणि छिद्र १ मिमी असेल, तर ६० टक्के दाब चढायला हिशेबाने अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. ०.८ मिमीला तो दीडपटीहून जास्त, ०.९ मिलिसेकंदाच्या आसपास. ०.५ मिमीला चौपट, आणि एवढ्या वेळात बरीच हवा छर्ऱ्याच्या मागे फुकट धावते.

सुरुवात ०.८ मिमीने करा. छिद्र मोठं करता येतं, लहान करता येत नाही. त्याहून बरं म्हणजे कप्प्याच्या तळाशी आत-बाहेर होणारा स्क्रू ठेवून आकारमानच बदलता येईल असं करा. कप्प्याच्या ७.४ मिमी व्यासात दर मिलिमीटरला ४३ घन मिमी बदलतात. मात्र अशा रचनेत उचल अडवणारा थांबा या स्क्रूवर ठेवू नका, कप्प्याच्या भिंतीत वेगळी पायरी द्या. नाहीतर एक बदलायला जाल आणि दुसरंच बदलेल.

दाबाची चाचणी

पहिली भरणी हळू, थांबत थांबत: १० बार, ५०, १००, मग कामाचा दाब. प्रत्येक थांब्यावर नळीच्या तोंडाला साबणाच्या पाण्याचा पडदा धरून बुडबुडा येतो का ते पाहा, अर्थात बंदूक रिकामी, हॅमर मोकळा आणि चेहरा बाजूला ठेवून. मग रात्रभर ठेवा. गेज वाचताना तापमान लक्षात घ्या: २०० बारच्या टाकीत हवा १० अंशांनी थंड झाली की दाब सुमारे ७ बार उतरतो. ती गळती नव्हे.

ट्यूनिंग

१. रेग्युलेटर ठरलेल्या दाबावर लावा, वीस-तीस शॉट मारून सीट बसू द्या. त्याआधीचे आकडे लिहून उपयोग नाही. क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) तोंडापासून मीटरभर पुढे, म्हणजे सुटलेल्या हवेने वाचन बिघडणार नाही. छर्रे एकाच डब्यातले, वजन करून निवडलेले.

२. हॅमर स्प्रिंग अगदी सैल करा आणि पाव-पाव फेरा आवळत प्रत्येक जागी पाच शॉट मारा. सुरुवातीला वेग वेडेवाकडे येतील: एक ८०, एक २१०, एखादा शॉट नुसताच टक. मग एका ठिकाणी वेग एकदम उडी घेऊन स्थिर होतो. पॉपेट सुटून स्वतः उघडू लागल्याची ही पायरी. तिच्या पुढे आणखी एक ते दीड फेरा द्या आणि थांबा. त्यापुढे आवळून वेग वाढत नाही, फक्त हिसका वाढतो.

३. हॅमर विसावलेला असताना स्प्रिंग आणि हॅमर यांच्यात ०.५ ते १ मिमी मोकळी जागा ठेवा. बॅलन्स्ड व्हॉल्व्ह सहज उघडतो, तसाच उसळलेल्या हॅमरच्या दुसऱ्या टपलीनेही उघडतो.

४. आता उघडं राहण्याचा वेळ. कप्प्याचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत घेत आकारमान कमी करा. प्रत्येक जागी दहा शॉटचा सरासरी वेग आणि टाकीतला उतरलेला दाब, दोन्ही लिहा. सुरुवातीला वेग तेवढाच राहतो आणि हवेचा खर्च घटतो. वेग कमाल वेगाच्या ३ ते ४ टक्के खाली आला की स्क्रू तिथेच लॉक करा. पुढे गेलात तर वेगातला चढउतार वाढू लागेल.

५. वेग अजून जास्त असेल तर तो ट्रान्सफर पोर्ट (व्हॉल्व्हपासून नळीकडे जाणारी वाट) लहान करून किंवा रेग्युलेटरचा दाब उतरवून कमी करा, हॅमर सैल करून नव्हे. रेग्युलेटर बदलला तर पायरी क्रमांक २पासून परत.

हिशेब असा तपासा. ६.३५ मिमी, १.६४ ग्रॅमचा छर्रा, २५० मीटर प्रति सेकंद: ऊर्जा ५१ ज्यूल. ४०० सीसी टाकीतून दहा शॉटला १६ बार उतरले, तर दर शॉटला ६४० सीसी मोकळी हवा गेली, म्हणजे दर सीसीला ०.०८ ज्यूल. हे चांगलं. ०.०५च्या खाली असाल तर व्हॉल्व्ह फार वेळ उघडा राहतोय. दहा शॉटमधला सर्वांत जलद आणि सर्वांत संथ यांतला फरक ३ मीटर प्रति सेकंदाच्या आत यायला हवा.

रेग्युलेटर नसलेल्या बंदुकीत हा व्हॉल्व्ह बसवण्याआधी एक लक्षात घ्या. साध्या व्हॉल्व्हमध्ये जास्त दाबाला पॉपेट कमी उघडतं, कमी दाबाला जास्त. त्यामुळे मधले बरेच शॉट सारख्या वेगाचे मिळतात. बॅलन्स्डमध्ये ती आपोआपची भरपाई बरीचशी जाते आणि वेग दाबाच्या मागे उतरत जातो. रेग्युलेटर घालणं हाच सरळ मार्ग.

बिघाड ओळखताना

नळीतून सतत झिरपतंय: सीट किंवा बॅलन्स ओ-रिंग. दोन्हींची हवा एकाच तोंडातून येते. टाकी रिकामी करून पॉपेट काढा, छिद्र तात्पुरतं बुजवा आणि बेंचवर, फक्त कमी दाबाला, परत भरा. झिरपणं थांबलं तर ओ-रिंग. चालूच राहिलं तर सीट. चाचणी झाली की छिद्र मोकळं करायला विसरू नका.

एका शॉटला टाकीचा मोठा भाग रिकामा होतो: छिद्र बुजलंय, कप्पा भरत नाही, व्हॉल्व्ह बंद होत नाही. प्लास्टिकचा कीस, बर, किंवा ओलसर हवेमुळे झालेला बर्फ. कोरडी हवाच भरा. हा बिघाड कधीही उद्भवू शकतो, म्हणून चाचणीच्या वेळी तोंड सतत सुरक्षित दिशेला हवं.

रात्रभर ठेवल्यावर व्हॉल्व्ह उघडतच नाही: छिद्र बुजलंय आणि ओ-रिंगही झिरपतेय. कप्पा टाकीच्या दाबाला आला, तोल संपला आणि पूर्ण हजार न्यूटनचा भार सीटवर आला. अरुंद ओठ अशा वेळी पॉपेटमध्ये रुततो. छिद्र साफ केलंत तरी पॉपेटचा फेस तपासा.

फक्त पहिला शॉट मंद: ओ-रिंग दांड्याला चिकटते. दांड्याचा पृष्ठभाग ०.२ ते ०.४ मायक्रॉन इतका गुळगुळीत हवा, आणि सिलिकॉनची पुसट फिल्म.

भरायला घेतलं की हवा सरळ नळीतून बाहेर: स्प्रिंग घर्षणापुढे कमी पडतेय.

काहीशे शॉटनंतर अधूनमधून एखाद्या शॉटचा वेग पडतो: पॉपेटवरचा ठसा रुंदावलाय, प्रभावी व्यास बाहेर सरकलाय, आणि हॅमर आता पायरीच्या काठावर आहे. हॅमर आवळण्याआधी पॉपेट काढून ठशाचा बाहेरचा व्यास भिंगाखाली व्हर्नियरने मोजा आणि जोराचा हिशेब परत करा. ८.५ मिमीचा ठसा ८.९ मिमीवर गेला असेल, तर जोर २७५वरून ३८४ न्यूटनवर गेलाय. अशा वेळी पॉपेटचा फेस दशांश मिलिमीटर उतरवा, ओठ काचेवर घासून घ्या, आणि पायरी क्रमांक २ पुन्हा करा.